बिनस्क्रूची पेटी

पणजी, १४ एप्रिल १९८५

ती. बाबांस,
बेबीचा स. जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. खाली आपल्या धाकट्या ईश्वरने हिंदीत चार ओळी खरडल्या आहेत. त्याला म्हणावं, मराठीत पाच लिहिल्यास तर काजू आणीन.

दोन वर्षं मी चिखल धुऊन नेमकं काय करते, हे शेजारचे मिश्राजी विचारतात ना? त्यांना सांगा, समुद्राच्या तळच्या गाळात राईहून बारीक शिंपले असतात. त्यांना आम्ही फोरॅम म्हणतो. तो जीव जगताना भोवतालच्या पाण्यातलं किंचित कॅडमियम शिंपल्यात घेतो. तळचं पाणी जितकं जास्त काळ रेंगाळलेलं, तितकं कॅडमियम जास्त. त्यामुळे वीस हजार वर्षांपूर्वीच्या, हिमयुगातल्या शिंपल्यांत ते मोजलं, की तेव्हाचं पाणी वाहतं होतं की साचलेलं, ते कळतं.

आणि बाबा, कळलं. आजच्या शिंपल्यांच्या तिप्पट निघालं! सर एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत, पण परवा स्वतः चहा घेऊन आले. ऑगस्टच्या परिषदेत मी हे मांडायचं आणि वर्षअखेर प्रबंध द्यायचा, असं ठरलंय.

यात तुमचाही हात आहे बरं का. आजचे शिंपले संस्थेच्या पुठ्ठ्याच्या खाचेदार स्लाइडींत असतात, पण हिमयुगाचे, म्हणजे सगळ्यात मोलाचे, मी तुम्ही घरी करून दिलेल्या सागवानी पेटीतच ठेवते. इथल्या मुली तिच्या सोनेरी स्क्रूंवर जीव टाकतात.

आईला जपा. माझ्यावरची माया आहे तशी असू द्या.
तुमची,
बेबी

---

आलमबाग, लखनौ, २३ एप्रिल १९८५

चि. बेबीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आजवर तू रसायन मोजतेस एवढंच लिहायचीस, कोणतं ते आत्ता कळलं. म्हणून हे आधी वाच, घरची खुशाली मागाहून.

त्या पेटीचे स्क्रू पितळी नाहीत. आत पोलाद आहे आणि वर कॅडमियमचा मुलामा. विमानाच्या भागांना गंज धरू नये म्हणून कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये तोच चढवतात, आणि चोवीस वर्षं मी तेच काम करतो. रिजेक्ट मालातले बारा स्क्रू साहेबांना विचारून घेतले होते. चमक छान होती, तुला आवडेल असं वाटलं.

बंद लाकडी खोक्यात हा मुलामा टिकत नाही. लाकडाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते. शॉपमध्ये नवा माणूस आला की मी पहिल्याच दिवशी हे सांगतो. आणि स्वतःच्या मुलीसाठी मीच ते विसरलो. झाकणाच्या आत, स्क्रूंच्या टोकांपाशी बोट फिरवून बघ. पांढरं लागलं तर तो आकडा समुद्राचा नाही, माझा आहे. नंतर हात साबणाने धू, ती भुकटी विषारी असते.

पोरीचं सगळं जुळून आलंय, कशाला कळवता, असं आई आधी म्हणाली. मग तिनेच पाकिटावर तिकीट चिकटवलं.

तू आमचीच आहेस, हे मनात असू दे.
बाबा

---

आलमबाग, १६ जून १९८५

चि. बेबीस,
आईचा आशीर्वाद.

तुझं कार्ड दीड महिन्यापूर्वी पोचलं. पांढरं लागलं, परिषदेतून नाव काढलं, एवढ्या दोनच ओळी. त्यानंतर काही नाही.

यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली ती सरकवलीच. मिश्राजींचं दुरुस्तीला आलेलं स्टूल तीन पायांवर उभं आहे. दरवर्षी हे मलिहाबादला जाऊन बागेतून हाताने दशहरी आंबे निवडून आणतात. यंदा बसने गेले आणि रिकामी थैली घेऊन परत आले. म्हणाले, चांगला कोणता ते आता मला ओळखता येत नाही. तुझं नाव निघालं की उठून अंगणात जातात.

तू रागावली असशील तर खुशाल रागाव, पण लिहून रागाव. हे गप्प राहणं आम्हा दोघांना झेपत नाही.

जेवत जा वेळेवर. तुझी वाट बघणारी,
आई

---

पणजी, २४ जून १९८५

ती. बाबांस,
बेबीचा स. जयभीम. वि. वि.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. एक दिवस तुमच्यावर आणि मग कितीतरी दिवस स्वतःवर. कुठल्याही धातूची वस्तू शिंपल्यांजवळ न्यायची नाही, हे मला शिकवलेलं होतं. पण पेटी तुमची, म्हणून ती मला कधी वस्तू वाटलीच नाही. कार्डावर दोनच ओळी होत्या, कारण तिसरी लिहायला घेतली की रडू यायचं.

सरांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे घरच्या पत्रातून कळलं हे नशीब, छापून आल्यावर कुणी परक्याने दाखवलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. गाळ अजून शिल्लक आहे. सगळे शिंपले पहिल्यापासून वेचते आहे. प्रबंध वर्षभर पुढे गेला.

आता कामाचं. मला नवी पेटी हवी, प्लास्टिकच्या चाळीस बाटल्या बसतील अशी. स्क्रू, खिळा, बिजागरी, रंग, काही नको. ही ऑर्डर समजा. माल आल्यावर मी तुमच्यासारखंच इन्स्पेक्शन करणार, आणि नापास झाला तर तुमच्याच खर्चाने परत पाठवणार.

दशहरी खाल्ल्याचं कळवा. लोभ नव्हे, पेटी असावी.
तुमची,
बेबी

---

आलमबाग, लखनौ, ९ सप्टेंबर १९८५

चि. बेबीस,
अ. उ. आशीर्वाद.

पार्सल आज पाठवलं. चार कोपरे खाचेत खाच घालून बसवले आहेत. बिजागरीच्या जागी आईने चिकनकारीच्या कापडाची पट्टी ओवली आहे. पेटी तीनदा उकळत्या पाण्याने धुतली आणि गच्चीवर वाळवली. दोन पेट्या आधी जमल्या नाहीत, त्या मीच नापास केल्या. मिश्राजींचं स्टूलही झालं.

इन्स्पेक्शन कडक कर. बाप म्हणून सूट देऊ नकोस.
बाबा

---

पणजी, ११ फेब्रुवारी १९८६

ती. बाबांस,
बेबीचा स. जयभीम. वि. वि.

पेटीला आम्ल पाजून ते पाणी यंत्रात घातलं. यंत्राच्या कागदावर कॅडमियमपुढे शून्य आलं. कागद सोबत आहे.

नव्या मोजणीत तिपटीचं सव्वापट झालं. फरक थोडा आहे, पण या वेळी आजचे आणि हिमयुगाचे सगळे शिंपले एकाच पेटीत होते, म्हणून तो समुद्राचा आहे. तळचं पाणी तेव्हा साचलेलं नव्हतं, जरा हळू वाहत होतं इतकंच. पहिल्या मोजणीतला दोष कुणी दाखवला, हे प्रबंधात लिहायचं सरांनी बजावलं. मी लिहिलं: श्री. दयाराम गोंडाणे, प्लेटिंग शॉप, लखनौ.

कागद फ्रेम करू नका, लोक हसतील.
तुमच्या मायेची,
बेबी

---

आलमबाग, लखनौ, २० फेब्रुवारी १९८६

चि. बेबीस,
अ. उ. आशीर्वाद.

कागद फ्रेम केला. मिश्राजींनी विचारलं, शून्याची कसली फ्रेम? मी म्हणालो, “हमारी बेटी ने पास किया है।”

बाबा