केकचा वरचा थर

लंडन, मंगळवार

एनिडताई,

मी ठणठणीत आहे, आईला तेवढंच सांग. तिचा खोकला कसा आहे?

लग्नाच्या केकचा वरचा थर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला कापायचा म्हणून मी नऊ वर्षं ब्रँडी शिंपडत डब्यात जपला. तुझ्या लाडक्या मेहुण्याने आमच्या संसारावर नाटक लिहून त्या केकवर लोकांना हसवलं, तेही मी गिळलं. आता नाटकाचा सिनेमा होतोय, तर मेल्याने मला न विचारता खरा केकच सेटवर नेला!

आज सेटवर माझ्यादेखत नटीने तो चाखून तोंड वाकडं केलं. सगळे खिदळले, हाही. म्हणतो, "चिडतेस काय? नवा आणू."

"आणि बाळ?" मी सगळ्यांसमोर विचारलं. मग कुणी हसलं नाही.

उरलेला केक घेऊन शनिवारी येतेय. आईला म्हणावं, चार दिवसांसाठी. तू चहा टाक, आपण दोघी तो संपवू.

तुझीच,
डॉरीन