काचघराची वरची खिडकी

सूनबाई,

आता तू माझी सून नाहीस, पण दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

जुन्या खिडक्यांची तावदानं जोडून तू गच्चीवर उभं केलेलं काचघर अजून आहे. यंदा त्यात काकड्या लावल्या. आत मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून तुझा इथे राहिलेला रंगाचा ब्रश घेऊन रोज सकाळी मीच नरफुलातले पराग मादीफुलाला लावते. या वयात सोयरिकी जुळवतेय म्हणून हसशील.

एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी तुझी सगळी रोपं आत उकडून मेली, ती माझ्यामुळे. वारा सुटला होता. धूळ नको म्हणून मी वरची खिडकी लावून घेतली आणि खाली येऊन आडवी झाले. संध्याकाळी तू माझ्या मुलाला म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांत खुपत होतं ना हे? झालं समाधान?" तो गप्प बसला. मीही भाजी निवडत राहिले. आठवड्याभरात तू बॅग भरलीस.

पाच वर्षं मला वाटत होतं, त्याला काही माहीत नाही. काल काकडी चिरता चिरता तो सहज म्हणाला, "आई, वरची खिडकी उघडी ठेवलीस ना? त्या दिवशी तुझा चष्मा आतच राहिला होता. मीच आणून तुझ्या उशाशी ठेवला."

तुझा पत्ता त्याच्याकडे आहे. मागितला, तर कशाला हवा म्हणून तो विचारणार नाही. म्हणूनच मागायचा धीर होत नाही.

तुझी,
तेव्हाची सासू