पायलची दोरी

९ फेब्रुवारी
घसा धरलाय. गिळताना काटे टोचतात, नाक गळतंय, खोकला सुटलाय. डॉ.कडे गेले. बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, व्हायरल आहे, मिठाच्या गुळण्या करा, वाफ घ्या, बोलू नका. गोळी नाही, इंजेक्शन नाही. वसमतमध्ये इंजेक्शनशिवाय घरी पाठवलेली मी पहिलीच बाई असेन. निदान अँटिबायोटिक तरी लिहा म्हटलं. म्हणे, "सर्दीखोकल्याच्या घशाला त्याचा उपयोग नाही, बाई." बोलू नका सांगताना ते गालात हसले, हेही टिपून ठेवते.

११ फेब्रु.
आवाज पार गेला. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला तो याच आवाजावर. कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं म्हणून नोकरी लागली, आणि दिवसभर ऐकायचा काय तर हळदीचा भाव. नांदेडची लाइन लागली की मोंढ्यातले व्यापारी असे ओरडायचे, की तारेची गरजच नव्हती. तीन मिनिटं झाली म्हटलं की चिडीचूप. तो दरारा गेला. त्या वायरी, ते दिवे, रात्रपाळीचा थर्मासमधला चहा…

वर भाडेकरूंची पायल. तिसरीत आहे. शाळेतून आली की दोरीवरच्या उड्या, अगदी माझ्या डोक्यावर. एरवी जिन्यात जाऊन ओरडते. आज झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. तिला वाटलं मी ताल धरलाय. आणखी जोरात.

१४ फेब्रु.
छत गप्प. पायलला सणकून ताप. सुनीता, तिची आई, म्हणाली पाणीही गिळवत नाही. मी वर गेले. खोकला नाही, सर्दी नाही. जबड्याखाली दोन्हीकडे गाठी. बॅटरीनं पाहिलं तर घसा लालभडक, वर पांढरे ठिपके.

तिची आजी गंगाबाई साखऱ्याहून आलेली. तिनं आधीच उपाय केला होता. "पडजीब पडली व्हती. उचलली आंगठ्यानं." आंगठ्याला मीठ आणि हळद लावून पोरीच्या घशात घालायचा आणि पडजीभ वर दाबायची. सगळ्या गावाची लेकरं हिनं अशीच बरी केली म्हणे. मी कुजबुजत म्हटलं, निम्मी आपोआप बरी होणार होती. ती म्हणाली, "मंग निम्मी म्या केली की."

सुनीताला डॉ.कडे पिटाळलं. हा जंतूंचा घसा निघाला. दहा दिवसांच्या गोळ्या.

१५ फेब्रु.
काल पोरीचा घसा पाहिल्यापासून बोर्डिंगची आजारखोली आठवतेय. व्हरांड्यात आमची रांग, हातात स्टीलचे पेले, सगळ्या एकदम गुळण्या करणार. मग सिस्टर काडीला कापूस गुंडाळून घशाला तपकिरी औषध लावायच्या. ओकारी यायची. ती गिळली तर एक पेपरमिंट. त्या पेपरमिंटसाठी माझी मैत्रीण लता धडधाकट घशानं रांगेत उभी राहायची. सिस्टर तिला ओळखूनही द्यायच्या.

१९ फेब्रु.
वर दोरी सुरू. माझा आवाज अर्धा परतला. जिन्यात जाणार, तेवढ्यात सुनीताच खाली आली. हातात गोळ्यांची पट्टी.

"मावशी, तुमाला डॉक्टरनं काही दिलं न्हाई ना. ह्या घ्या. पायलच्या उरल्यात."

उरल्या कशा, मी विचारलं. ताप उतरला, पोरगी खेळून राहिली, मग कशाला गरम औषध द्यायचं, म्हणाली. इतक्या मायेनं हात पुढे केला होता, तरी पट्टी परत तिच्याच मुठीत दाबली. घशातले जंतू मेलेले नाहीत, नुसते गप्प बसलेत, आजच डॉ.कडे जा, म्हटलं. हो म्हणाली. जाणार नाही, हे तिच्या पदर सावरण्यावरून कळलं.

२० फेब्रु.
गेली नाही. पोरीला काही होत नाहीये, मग काय दाखवायचं, म्हणते.

रागानं झोप नाही. लता सारखी समोर येते. तिचाही घसा सुट्टीत घरी दुखला आणि आपसूक बरा झाला. बोर्डिंगवर परतल्यावर एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसऱ्या पायाचा घोटा. डॉक्टर म्हणाले, घशाचा ताप हृदयाला लागलाय. तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी कमरेत इंजेक्शन. ती चॅपलच्या पायरीवर बसायची आणि आमच्या दोरीच्या उड्या मोजायची. मोजताना मला हटकून दोन जास्त द्यायची.

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी इंजेक्शनं बंद केली. सासरचे विचारतील, पोरीला काय झालंय. पहिल्या बाळंतपणात गेली. पोरगी छातीनं अधू राहिली तर चालेल, पण तसं कोणी म्हणायला नको. इतक्या वर्षांनीही हात शिवशिवतात.

४ मार्च
दोन दिवस छत गप्प. आधी बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मग वर गेले. पायल भिंतीला टेकून बसलेली. उजवा गुडघा सुजून गरम. परवा डावा दुखत होता म्हणे. सुनीताला वाटतं, उड्यांनी लचकला.

मी चपला काढल्याच नव्हत्या. म्हटलं, चल. या खेपेला सुनीतानं पदर सावरला नाही. पोरीला कडेवर घेऊन माझ्या पुढे जिना उतरली.

५ मार्च
डॉ.नी काल पायलच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हसले नाहीत. रक्त घेतलं, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. सोमवारी नांदेडला हृदयाची सोनोग्राफी. तोवर उड्या नाहीत, पळणं नाही. वेळेत आलो का, विचारलं. म्हणाले, तपासल्यावरच कळेल.

संध्याकाळी गंगाबाईची जिन्यात गाठ पडली. किती दिवसांचे टोमणे मी जपून ठेवले होते. ती म्हणाली, "बाई, माझ्या आंगठ्यानं झालं का वो हे?"

"न्हाई," म्हटलं. "पण आता आंगठा नको आणि इंजेक्शन चुकवायचं नाही. कोणी काही म्हणो." ती मान हलवत राहिली.

मग पायल आली, पायरी पायरीवर बसत. दोरी माझ्या हातात दिली. "फोनवाल्या आजी, ही तुझ्याकडं ठिव. म्या मागितली तरी देऊ नको." मग दोरीकडे बघत, "सोमवारनंतर देशील?"

मी म्हटलं, तू उड्या मारशील तेव्हा मी मोजीन.

दोरी छत्रीच्या खुंटीला अडकवली आहे. वर कोणी हललं की मान वर जाते.