टाळू भरली

२ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे नेरळला! दोन खोल्या, गॅलरीतून माथेरानचा डोंगर. पाच महिन्यांच्या यशूला त्याचं काय, ती पंख्यावरच खूश. सामान हलवायच्या गडबडीत तिची लस राहिली, बघू पुढच्या आठवड्यात. मालिश करायला आवडीमावशी मिळालीय, मोठी फटकळ. पहिल्याच दिवशी मला झापलं, की टाळू खोल हाय पोरीची, तेल घालीत नाय का गं? रोज जिरवीन, भरंल म्हणाली.

९ नोव्हेंबर
यशूला ताप. क्लिनिकमधून औषध आणलं. उतरला नाही तर परत आणा म्हणाले.

१० नोव्हेंबर
ताप जरा कमी. आणि टाळू भरली! चांगली वर आलीय, घट्ट. माझ्या हाताचा गुण हाय म्हणून मावशी काय मिरवली! मी शिरा केला. यशूच्या बाबानं, रत्नदीपनं दोन वाट्या हाणल्या.

११ नोव्हेंबर
काय झालंय हिला? उचललं की किंचाळते, खाली ठेवलं की गप्प. आवाजही तिचा नाही, चिरका, पत्रा घासल्यासारखा. दूध ओढत नाही. मावशी म्हणते दृष्ट लागली. आम्ही असलं मानत नाही, तरी मीठमोहरी ओवाळली. मला तिला उचलायची भीती वाटते. मला, तिच्या आईला!

१२ नोव्हेंबर
झटका आला. हातपाय ताठ — रिक्षानं कर्जतला. डॉक्टरांनी तिच्या टाळूवर हात ठेवला आणि विचारलं, ही कधीपासून फुगलीय? मी म्हटलं, भरलीय. ते म्हणाले, एका रात्रीत भरत नसते ताई. मेंदूज्वर आहे. तापात टाळू वर आली की धावत यायचं असतं.
आम्ही शिरा खाल्ला. शिरा!
तपासायला पाठीतून पाणी काढायचंय. रत्नदीप सही करीना, पोर लुळी पडेल म्हणतो. डॉक्टरांनी शिरेतून औषध आधीच सुरू केलं. सही मी केली. पाणी गढूळ निघालं.

१५ नोव्हेंबर
लस वेळेवर घेतली असती तर, असं मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक — नको, पुढचं लिहवत नाही.

२१ नोव्हेंबर
ताप नाही! दूध प्याली, कुशीत हसली. जगली माझी यशू! रत्नदीप ढसाढसा रडला. घरी सोडण्याआधी एक तपासणी राहिलीय म्हणे.

२२ नोव्हेंबर
शेजारच्या बाईच्या हातून ताट पडलं, यशूच्या मागेच. वॉर्डातली सगळी पोरं दचकून रडली. यशू माझ्याकडे बघून हसतेय. हाक मारली. कानाशी टाळी वाजवली — ताट घेऊन मीच आपटलं — हसतेय. परत आपटते, जरा जोरात, परत —