फक्कीने आखलेली खोली

प्रिय धाकटे,

गुडघ्याला बरं आहे असं नुसतं लिहू नकोस. जिना चढताना कठडा धरावा लागतो का, ते लिही. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी टिपून घेतलीस आणि स्वतःचं विचारलं की एकच शब्द, "ठीक". आम्ही दोघंही तसेच ठीक आहोत. ह्यांचा खोकला एकदाचा गेला. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, त्यामुळे सुईत दोरा ओवायला शिवणवर्गातल्या मुलींची मनधरणी करावी लागते. मोठी बातमी अशी की घर जमिनीवर आलं. हसू नकोस, अजून विटेवर वीट चढलेली नाही. मंगळवारी आखणी झाली, म्हणजे प्लॉटवर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि दोऱ्यांच्या खालून पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढल्या. पायाचे चर त्या रेघांवरच खणायचे असतात. जन्मभर भाड्याच्या घरांत राहिलेल्या माणसाला तेवढ्या रेघाही पुष्कळ वाटतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तू पुढच्या महिन्यात निवृत्त होणार, इस्पितळाचं क्वार्टर सोडावं लागणार आणि तू तिथल्याच एका महिला वसतिगृहात नाव घातलं आहेस, हे मला बाहेरून कळलं. त्यावर या पत्रात चकार शब्द काढायचा नाही असं ठरवून बसले आहे, बघू किती जमतं ते. तुझं आणि तुझ्या दादांचं फोनवर काय झालं, तेही मला माहीत आहे, कारण मी शेजारीच उभी होते. नकाशा काढायच्या वेळी ह्यांनी तुला विचारलं की तुझ्यासाठी एक खोली काढू का. तू म्हणालीस, "माझ्यासाठी कशाला जागा अडवता? मी आपली पाहुणी म्हणून येईन चार दिवस." तू सहज म्हणालीस की सहज म्हटल्यासारखं दाखवलंस, ते तुझं तुला ठाऊक. ह्यांनी फोन ठेवला, नकाशा काढणाऱ्या मुलीला सांगितलं, "ती खोली नको, बैठकीची खोली मोठी करा," आणि तेव्हापासून तुझ्या बाबतीत ह्यांच्या तोंडाला कुलूप आहे. तूही फोन करतेस तो मलाच. तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं आहात हे सांगायला वेगळा साक्षीदार नको.

तर आखणी. मिस्त्री उजाडताच आला. कानावर पेन्सिल असल्याशिवाय त्याला बोलता येत नाही, आणि ती हातात घेतली की परत कानावर जाईपर्यंत तो मुका होतो. त्याने आधी कुंपणापासून मोकळी सोडायची जागा मोजली. तेवढी सोडलीच पाहिजे, असा नियम आहे. मग पहिली दोरी ताणली. तिच्यावर कोपऱ्यापासून चार फूट मोजून खूण केली, आडव्या दोरीवर तीन फूट, आणि दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच भरेपर्यंत ती आडवी दोरी सरकवत राहिला. पाच भरले की कोपरा काटकोनात. मला हे फार आवडलं. कापड तिरकं बेतलं तर सदरा अंगावर फिरतो, मग किती का नीट शिवा. घराचंही तेच दिसतंय. सगळ्या खुंट्या बसल्यावर त्याने समोरासमोरचे कोपरे तिरके मोजले, दोन्ही मापं सारखी आली तेव्हाच फक्कीच्या घमेल्याला हात लावला. टेपचं एक टोक मी धरलं होतं आणि दुसरं ह्यांनी. लग्न झाल्यापासून आमचं एका गोष्टीवर इतका वेळ एकमत कधी टिकलं नव्हतं.

रेघा ओढून झाल्यावर आम्ही आत शिरलो आणि माझा जीव खालीवर झाला. स्वयंपाकघर एवढंसं! इथे मी वळणार कुठे आणि डबे ठेवणार कुठे? मिस्त्री हसायला लागला. म्हणाला, "बाई, आखणीच्या दिवशी प्रत्येक घरधनीण हेच म्हणते. वर आभाळ आहे तोवर खोली लहानच दिसणार. छप्पर येऊ द्या, मग बघा." माझा विश्वास बसेना. घरी येऊन मी आताच्या स्वयंपाकघराची फरशी मोजली, तर नवीनच मोठं निघालं. मग गप्प बसले. बैठकीची खोली मात्र आभाळाखालीही ऐसपैस दिसत होती. मी ह्यांना विचारलं, इथे बसणार कोण? आपल्याकडे येऊन-जाऊन येतात ते घरमालक आणि त्यांचं मांजर. हे नुसते खोलीच्या मधोमध जाऊन, हात मागे बांधून, बराच वेळ उभे राहिले.

त्या रेघांतून फिरताना तू सारखी आठवत होतीस. मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या दोन खोल्या होत्या आणि मधे एक बोळ. बोळ म्हणजे तुझं राज्य. तिथेच तुझं अंथरूण, तिथेच दप्तर. नर्सिंगला गेलीस तेव्हा तिथेच आडवी पडून हाडांची नावं पाठ करायचीस आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तुला ओलांडून जावं लागायचं. ज्याचा पाय तुझ्यावरून जाईल त्याच्या हाडाचं नाव तू मोठ्याने म्हणायचीस. सासूबाई चिडायच्या, म्हणायच्या, "अगं, जिवंत माणसाची हाडं मोजतेस काय!" आणि तू त्यांच्या घोट्याचंही नाव सांगायचीस. मी तेव्हा हसून हसून भिंतीला टेकायची. नवीन घरात हसता येईल की नाही याची सासरी येणाऱ्या मुलीला भीती असते, ती माझी तुझ्यामुळे पहिल्याच आठवड्यात गेली. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. पुढे तू नोकरीला लागलीस आणि क्वार्टरमध्ये गेलीस. तिथेही दोघीतिघींत मिळून एक खोली. तुझं सामान नेहमी खाटेखाली मावेल एवढंच राहिलं.

आता खरी गंमत ऐक. दुसऱ्या दिवशी मिस्त्री खोदाईची माणसं घेऊन आला. कुदळ मारण्याआधी तिरकी मापं पुन्हा एकदा घ्यायची त्याची रीत आहे. घेतली तर जुळेनात. एका अंगाच्या दोन खुंट्या कमी-जास्त बाहेर सरकलेल्या आणि सगळी आखणी पाय मोडलेल्या खाटेसारखी कलंडलेली. मिस्त्रीने आधी कुत्र्यांना शिव्या घातल्या, मग शेजारच्या बाईच्या शेळ्यांना. ती बाई पदर खोचूनच आली. म्हणाली, "माझ्या शेळ्या खुंटी उपटतील हो, पण उपटून परत दगडाने ठोकतील होय?" सगळे वाकून खुंट्या बघायला लागले. हे तेवढे लांब उभे राहून ढग बघत होते, आणि आभाळात ढग नव्हता. मी मागून जाऊन पाहिलं तर ह्यांची सगळी पाठ फक्कीने पांढरी. नुसते हात किंवा गुडघे नाहीत, खांद्यापासून टाचेपर्यंत.

शेळ्यांच्या बाईनेच मग उलगडा केला. सकाळी ती धारेला उठली तेव्हा तिला प्लॉटवर म्हातारबुवा उताणे पडलेले दिसले. चक्कर आली असं समजून बिचारी पाण्याचा तांब्या घेऊन धावली, तर हे पडल्यापडल्या म्हणाले, "काही नाही, माप घेतोय." मला एका क्षणात कळलं. आपल्या घरात उंच म्हणून तुम्ही दोघंच. तुझी खाट बसेल का, हे पाहायला माणसाने टेप घेतली नाही, स्वतःलाच आडवं घातलं. आणि कुणाचंच काही कमी होऊ नये म्हणून बाहेरची भिंतच ढकलली, तीही नजरेच्या अंदाजाने, गुपचूप. हसावं की रडावं ते मला कळेना. मी दोन्ही केलं, तिथेच, सगळ्यांदेखत.

बाहेर सरकायला नियम आड येत होता, तेव्हा खोली आतूनच काढावी लागणार होती. मिस्त्रीने पेन्सिल हातात घेतली आणि मुकाट्याने माझ्या शिवणाच्या खोलीकडे दाखवली. धाकटे, तुझ्यापासून काय लपवायचं? मी ठाम नाही म्हणाले. ताटं मांडायची वेळ झाली की कापड गोळा करायचं आणि ताटं उचलली की पुन्हा पसरायचं, यात माझी सगळी कंबर गेली. उत्तरेच्या उजेडाची ती खोली मी कुणासाठीही सोडणार नाही, तुझ्यासाठीही नाही. बोलून गेले आणि वाटलं, आता हे रागावतील. तर हे तरातरा बैठकीच्या खोलीत गेले, मधे एक खुंटी रोवली आणि म्हणाले, "इथून कापा. आपल्याला काय सभा भरवायच्या आहेत?" त्या मोठ्या खोलीचा राग-रुसवा असा एका घावात संपला. नकाशावाली मुलगी आली, आधी तिने ह्यांना चांगलं झापलं, आणि मग भिंत कुठे येते ते नीट बसवून दिलं. मिस्त्रीने पुन्हा तीन-चार-पाच केलं. खाट, कपाट, खुर्ची, सगळं मावतं. माझी तुझी भिंत एक आहे, त्यामुळे माझ्या मशीनचा आवाज तुला ऐकू येणार, तेवढं सोसावं लागेल.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. चकार शब्द काढणार नव्हते, पण माझं ठरवणं तुला माहीतच आहे. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेला आहे आणि येता सोडून पुढच्या सोमवारी खोदाई सुरू करणार. सध्या खुंटी हलवायची की काम होतं, पाया भरल्यावर कुणाचंच काही चालायचं नाही. वाऱ्याने रेघा पुसट होतात. खुंट्या आहेत तोवर त्याचं काही बिघडत नाही, असं मिस्त्रीने दोनदा सांगितलं. तरी तुझे दादा रोज सकाळी डब्यात फक्की घेऊन जातात आणि बाकी घर सोडून त्या एकाच खोलीच्या रेघा ताज्या करून येतात. काल मीही गेले, तर चारपैकी एका रेघेत मधेच जागा मोकळी सोडलेली, आणि हे तिथे डबा घेऊन उभे. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, दार घरात उघडावं की सरळ अंगणात, म्हणजे तिला केव्हाही यायला-जायला कुणाला विचारावं लागणार नाही, हे कळत नाही. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. हे खाली बघून म्हणाले, "तिला विचार." त्या फोननंतर तुझ्याविषयी ह्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द, म्हणून हे पत्र. दार कुठे हवं, सांग. यायचंच नसेल तर तेही स्पष्ट सांग, मी चार दिवस रडेन आणि मग सावरेन. पण उत्तर मला देऊ नकोस. ह्यांनाच फोन कर. सकाळी कर, तेव्हा ते तुझ्या खोलीतच असतात.

तुझीच, हट्टी माणसाच्या पदरी पडलेली,
वहिनी