वाऱ्यासाठी बांधलेला कठडा

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
२३ सप्टेंबर २०२३

थोरा,

तू आणि मुलं खुशाल असाल. इथे नैऋत्येचा वारा आहे, बटाटे बरे निघाले, मांजर अजून जिवंत आहे. ख्यालीखुशाली संपली.

आता पुढचं नीट वाच. ही मी माझ्या हातांनी केलेली कामं. दोनशेच्या वर खुर्च्या, ओटच्या काडाच्या विणलेल्या पाठीच्या. या घराची सहाही दारं, चौकटींसकट. बाबांच्या होडीचा नवा तळ. वर्कशॉपमधलं लांब टेबल. त्यानंतर, घरापासून वर्कशॉपपर्यंतचा लाकडी कठडा, वाऱ्यात धरायला. त्याच टेबलाचे पाय कापून केलेलं बुटकं टेबल, आणि बसून काम करायला स्टूल. संडासातली भिंतीवरची मूठ, टॉवेल अडकवायला. स्वयंपाकघराच्या पायरीवर घातलेली उतरण, हातगाडी आत आणायला.

यातलं एकही काम मला कुणी शिकवलेलं नाही. आणि प्रत्येकाच्या खालच्या अंगाला माझी दोन अक्षरं आणि साल कोरलेलं आहे. साल न कोरता मी काम हातावेगळं करत नाही, हे तुला माहीत आहे.

मंगळवारी कौन्सिलकडून रोझलिन नावाची एक बाई आली. मी चहा ठेवला. ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि माझ्या चौकटीला टेप लावला.

"अरुंद पडेल," म्हणाली.

"कशाला अरुंद? मी यातून वीस वर्षं जातोय."

"व्हीलचेअरला."

"कुणाच्या?"

तिनं टेप सोडला. तो सर्रकन आत गेला. "मिस्टर हार्कस, तुमच्या बहिणीनं फोन केला होता ना आम्हाला? तुमचा मज्जातंतूंचा आजार, एमएस, दुसऱ्या टप्प्यात गेलाय, घराची तयारी करायला हवी, म्हणून. दोन वर्षं झाली म्हणाल्या." मग माझ्या तोंडाकडे पाहून, "तुम्हाला... माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "साखर किती?"

भली बाई आहे. चहा पिऊन ती घरभर हिंडली. स्टूल उलटं करून पाहिलं. उतरणीशी गुडघे टेकून माझे आकडे मोठ्यानं वाचले. कठडा, २०१९. टेबल आणि स्टूल, २०२०. मूठ, २०२१. उतरण, गेल्या वर्षीची. "माझं निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय," म्हणाली. "डॉक्टरांना हे कधी सांगितलंत?"

"तो कठडा वाऱ्यासाठी आहे."

"संडासातही वारा असतो का?"

मी हसलो, थोरा. मग ती गेल्यावर बराच वेळ उठलो नाही.

त्या संध्याकाळी फोनवर तू रडायला लागलीस आणि मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र. पत्रात तुला रडून विषय बदलता येणार नाही.

तू एवढं तरी कबूल केलंस, की दोन वर्षांपूर्वी ॲबर्डीनच्या हॉस्पिटलात माझं रक्त काढत होते तेव्हा डॉक्टर पेम्बर्टननं तुला बाहेर गाठलं. 'ते दुसऱ्या टप्प्यात गेलेत, पण आज उमेदीत दिसतायत, तो शब्द आत्ताच नको, योग्य वेळी बोलू.' योग्य वेळ! माझ्या आजाराची वेळ तुम्ही दोघांनी पॅसेजमध्ये उभं राहून ठरवलीत, मी आत बाही वर करून बसलो असताना. त्या माणसाला तसा अधिकार नव्हता. आणि तुला तर मुळीच नव्हता.

तुला आठवतं का, त्या दिवशी आपण बंदरावर जेवायला गेलो होतो? मी तुला म्हणालो, "दोन वर्षांत एकही झटका नाही. डॉक्टर खूश." तू माझ्या ग्लासला ग्लास लावलास. मी आता वाचलंय सगळं, तीन रात्री बसून. पहिल्या टप्प्यात झटका येतो, जातो, गेलेलं बरंचसं परत मिळतं. दुसऱ्यात झटके थांबतात. जे जातं ते हळूहळू जातं आणि परत येत नाही. म्हणजे माझं दुखणं मुरलं म्हणून मी दारू पाजत होतो आणि तू पीत होतीस. हे ठाऊक असून पीत होतीस.

पेम्बर्टनचं बोलणं मला पाठ आहे. पडद्याकडे पाहत म्हणतो, "स्कॅन छान आहे. नवीन डाग नाहीत. स्थिर आहात तुम्ही." माझा डावा पाय त्या पडद्यावर नव्हता. तो टेबलाखाली होता, बुटाचं टोक झिजलेलं. त्यानं वाकून पाहिलं नाही.

मग विचारतो, "चालणं किती होतं?"

मी म्हणतो, "लागतं तेवढं."

"वा!" म्हणतो आणि लिहून घेतो.

हो, हे मीच म्हणालो. दर वर्षी म्हणालो. तुला वाटत असेल की मी सगळा राग तुमच्यावर काढून मोकळा होतोय. नाही. बाबांची दोन बोटं होडीच्या दोरखंडात गेली तेव्हा ते आईला म्हणाले, "जरासं लागलंय." आपण दोघं त्याच घरात वाढलो. पण पेम्बर्टन नऊ वर्षं आपल्याच लोकांना तपासतोय. आपल्याकडे "लागतं तेवढं" म्हणजे काय, हे त्याला अजून कळत नसेल तर तो काय तपासतो? आणि तुला तर कळत होतं. तू बाजूच्याच खुर्चीत बसली होतीस, पर्स मांडीवर घेऊन. एकदा तरी म्हणायचं होतंस, "खोटं बोलतोय हा, डॉक्टर. लागतं तेवढंच चालता यावं म्हणून यानं टेबल दाराजवळ ओढलंय."

मला कीव नको होती. मला माप हवं होतं. लाकूड आतून किडलंय हे मला आधी कळलं, तर त्यातून काय करता येईल ते मी ठरवतो. रंग लावून माझ्या हातात दिलंत तर मी त्याची खुर्ची करतो, आणि कुणीतरी पडतं.

आता एक गोष्ट, जी रोझलिनलाही सांगितलेली नाही. उजव्या हाताचा अंगठा. मे महिन्यापासून काड ओवताना सुई धरलीय की सुटलीय हे बघावं लागतं. बघितल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या दोन खुर्च्यांची पाठ मी उसवून पुन्हा विणली, तरी डावीकडे ती ढिली आहे. गिऱ्हाइकाला कळणार नाही. त्यांच्यावर मी साल कोरलेलं नाही.

१७ ऑक्टोबरला माझी तपासणी आहे. तू ये. कामावरून सुट्टी घे. त्याच खुर्चीत बस. मी त्याला आधी विचारणार आहे, कोणता टप्पा, कधीपासून, हाताला किती दिवस. तो पडद्याकडे वळला तर मी बूट काढून टेबलावर ठेवीन. आणि इतकं करूनही माझ्या तोंडून "बरं चाललंय" निघालं, कारण ते निघेल, मला मी ठाऊक आहे, तर तू मोठ्यानं म्हणायचं, "खोटं." पॅसेजमध्ये नाही, आत. ते जमणार नसेल तर येऊ नकोस, मी एकटा विमानानं ॲबर्डीनला जाईन आणि तुझ्याकडे उतरणार नाही.

दारं मीच रुंद करणार आहे. रोझलिननं सुतार पाठवते म्हटलं. मी नको म्हटलं. चौकटीवर २०२३ कोरीन.

तुझ्यावर रागावलेला, आणि तरी तुझीच वाट बघणारा भाऊ,
सिगर्ड

ता. क. हे तुला सांगणार नव्हतो. मार्चमध्ये, पेम्बर्टननं मला "स्थिर" म्हटलं त्याच आठवड्यात, एडिनबराहून फर्निचरचा एक व्यापारी आला होता. त्याला वर्कशॉप हवं होतं, साचे हवे होते, आणि खुर्चीखालची माझी दोन अक्षरं. वर तीन वर्षं मी त्याच्या दोन माणसांना विणकाम शिकवायचं, म्हणजे माझे हात चालतायत तोवर त्यांतलं कसब दुसऱ्यांच्या हातात गेलं असतं. मी त्याला म्हणालो, "माझी अजून पंधरा वर्षं आहेत, साहेब," आणि वर्कशॉपमधून घरापर्यंत येऊन त्याला बोटीच्या वाटेला लावलं, कठडा धरून. त्यानं जुलैमध्ये दुसरीकडे व्यवहार केला. मला देऊ केले होते तेच नव्वद हजार पौंड.