वहिनींची पाच बोटं

प्रिय वहिनी,

आज सकाळी प्रेरणाने राजीनामा दिला. दुपारचा ऑफिसात एकटाच बसलोय आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचेना. दादाला सांगितलं असतं, पण ऑफिसचा विषय निघाला की तो अजून उठून गॅलरीत जातो.

आपली टीम ती केवढी? तुम्ही, मी आणि प्रेरणा धरून ही तीन पोरं. जगतपुऱ्याच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजे ऑफिस. एक सोडून एक सोमवारी पंधरवड्याची कामं ठरायची. एकेक काम वाचायचं आणि त्याला किती दिवस लागतील ते सगळ्यांनी एकदम बोटांनी दाखवायचं. ही पद्धत तुमचीच! माझी दोन बोटं, तुमची पाच, आणि मग आपली जुंपायची. "भाऊजी, सॉफ्टवेअर करताय की पोहे परतताय?" असं सगळ्यांसमोर म्हणायचात. राग यायचा हो मला! क्लायंटला मी आधीच शब्द देऊन बसलेलो असायचो ना.

तुम्ही गेलात आणि भांडणं थांबली. माझी दोन, तर सगळ्यांची दोन. काय ते एकमत! खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. पण पंधरवडा संपला तरी निम्मी कामं अर्धवट, आणि रविवारीही पोरं लॅपटॉपला चिकटलेली. मला वाटलं, तुमच्यामागे त्यांचं लक्ष उडालंय.

आज प्रेरणाला कारण विचारलं. म्हणाली, "भैया, आप दो उँगली दिखा दो, तो पाँच कौन दिखाएगा? भाभीजी को तो मैं पहले ही बता देती थी."

म्हणजे तुम्ही चहा टाकायला उठलात की ती मागोमाग स्वयंपाकघरात यायची, ती यासाठी? वहिनी, ती पाच बोटं तुमची नव्हतीच!

मला का नाही सांगितलंत? एकदा तरी म्हणायचंत, "पोरं तुम्हाला बिचकतात." की म्हणाला होतात, आणि मीच ऐकलं नाही? फार आठवण येते तुमची.

मग क्लायंटला फोन लावला. या पंधरवड्यात एवढं होणार नाही, असं सांगितलं. तो चिडला, पण ठीक आहे. प्रेरणाला म्हटलं, सोमवारी एकदा येऊन बघ. "देखती हूँ," एवढंच म्हणाली.

ती आली, तर आधी तिचा हात वर जाईल, माझा सगळ्यांच्या शेवटी. नाही आली, तर तिच्या जागी जो येईल त्याचा. पाच बोटं दिसली की मी फक्त "का?" विचारीन आणि उत्तर संपेपर्यंत तोंड उघडणार नाही. हे मला जमेल का, अशी शंका तुम्हाला येईलच, मलाही आहे. पण यापुढे खरं सांगायला आपल्या पोरांना स्वयंपाकघरात जावं लागणार नाही, वहिनी. हा शब्द मी तुम्हाला देतो.

तुमचा धाकटा दीर,
नितीन